रिकामा परत गेलेला डबा

भांडुप पश्चिमेला, टेकडीकडे चढत जाणाऱ्या रस्त्यावर झेरॉक्सचं दुकान चालवणाऱ्या काकूंनी मला सावरलं, हे आधी लिहून टाकतो. नाहीतर पुढचं सांगता सांगता तेच राहून जायचं. काकू माझ्या नात्यातल्या नाहीत. त्या सावंतवाडीकडच्या, मी नांदेडच्याही पलीकडचा, जिथून तेलंगणाची हद्द चालत गाठता येते तिथला. नववीत शाळा सोडली. मुंबईत तीन ठिकाणी काम केलं, चौथ्या ठिकाणी काकू भेटल्या. त्यांनी काम दिलं आणि दुकानाच्या माळ्यावर झोपायला जागा दिली. मी घाबरट आहे. गिऱ्हाईक जरा मोठ्याने बोललं की माझ्या हातून मशीनमध्ये कागद अडकतो. काकू म्हणायच्या, "मशीन तुझ्यापेक्षा जास्त घाबरतं. तू तरी शांत राहा."

एका माणसाने मोबाईलमधून एक पुस्तक छापायला दिलं होतं. कागदाच्या एकाच बाजूला छापायचं, मोठ्या अक्षरात, वर स्पायरल बाइंडिंग. पैसे देऊन गेला तो परत आलाच नाही. पुस्तक मराठीत होतं, पण कुठून तरी उचलून मराठीत आणलेलं वाटायचं. मुलगी कशी मिळवावी, हा विषय. फक्त पुरुषांसाठी.

दुकानात माझ्या हाताखालून रोज ढिगाने कागद जायचे, पण ते आधार कार्ड, भाडेकरार, कुणाच्या तरी नोट्स. पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचावं असं काही नसायचं. हे पुस्तक मात्र फळीवर पडून होतं. मी रोज दुपारी तीन-चार पानं वाचायचो, बोट ठेवून. पेन्सिलने खुणा करायचो. आपण किती हवेहवेसे आहोत हे समोरच्याला कळू द्यायचं, पण ती आपल्याला हवी आहे हे कळू द्यायचं नाही, असं त्यात होतं. मेसेज आला की तिने लावला त्याच्या दुप्पट वेळ लावायचा. सुरुवातीला काही द्यायचं नाही, कारण जो आधी देतो त्याची किंमत उतरते. ती काही देईल तर ती परीक्षा समजायची. मला ते पटलं असं नाही. पण कुणीतरी एवढं सगळं नंबर घालून लिहिलंय म्हणजे त्याला माहीत असणार, असं वाटलं. मला तर काहीच माहीत नव्हतं.

समोरच्या पॅथॉलॉजी लॅबमध्ये एक मुलगी कामाला होती. लॅबचा प्रिंटर सारखा बंद पडायचा, मग ती रिपोर्ट काढायला आमच्याकडे यायची.

"तू रोज वडापावच खातोस का रे?" एकदा तिने विचारलं.

"रोज नाही. कधी कधी समोसा."

"वाट लागेल पोटाची. मग येशील आमच्याकडेच, रक्त द्यायला."

"सुई टोचणार कोण? तू?"

"मी नाही. मी फक्त नाव लिहिते. पण तुझ्यासाठी शिकून घेईन."

हे बोलणं मी पुस्तक वाचायच्या आधीचं. नंतर मी असं बोलायचं बंद केलं. ती मेसेज करायची, जेवलास का. मी घड्याळ बघून उत्तर द्यायचो. ती दुकानात येऊन म्हणायची, "काय रे, उत्तर द्यायला तुला कोर्टाची परवानगी लागते का?" आणि मी स्क्रीनकडे बघत राहायचो, कारण पुस्तकात तसं होतं. आत छातीत मशीन चालू असायचं.

एका सोमवारी तिने स्टीलचा डबा आणून काउंटरवर ठेवला. वर घावणे, खालच्या कप्प्यात काळ्या वाटाण्याचं सांबारं.

"आईने दिलंय," ती म्हणाली. "डबा सावकाश दे म्हणाली. घाई नाही."

तिच्या घरी तिच्यासाठी स्थळं बघत होते, हे तिने आधी एकदा सांगितलं होतं. तेव्हा कणकवलीकडच्या कुणाचं तरी बोलणं चालू होतं. तिच्या आईने मला पाहिलेलं नव्हतं. तरी डबा पाठवला. एवढं कळायला दहावी पास व्हावं लागत नाही. मलाही कळलं होतं.

डबा रिकामा परत द्यायचा नसतो, हेही मला माहीत होतं. शेजारणीचं भांडं परत करताना माझी आई त्यात मूठभर शेंगदाणे घालायची. घरात काहीच नसलं तर चमचाभर साखर. गावाहून आलेल्या एकाबरोबर आईने तेव्हाच शेंगदाण्याचे लाडू पाठवले होते. मी डबा घासला, पुसला, त्यात चार लाडू ठेवले, झाकण लावलं. मग माळ्यावर बसून पुस्तक उघडलं. जो आधी देतो, ते पान. मी झाकण काढलं आणि लाडू परत पिशवीत टाकले.

डबा तीन दिवस माझ्याकडे ठेवला. तिने वाट बघावी म्हणून. गुरुवारी ती आली तेव्हा काउंटरवर सरकवला. "हा घे तुझा डबा."

तिने उचलला. वजनावरूनच कळलं असणार. तरी तिने झाकण उघडून आत बघितलं.

"घासलास तरी," ती म्हणाली.

"हो."

ती गेली. मी पुढच्या माणसाचं रेशन कार्ड काचेवर ठेवलं. लाडू मी पुढचे चार दिवस एकटाच खात होतो. चव लागत नव्हती.

नंतर रिपोर्ट काढायला लॅबचे वयस्कर शिपाई यायला लागले. दहाएक दिवसांनी काकूंनी विचारलं, "ती का येत नाही? भांडलास?"

मी सगळं सांगितलं. डब्यापाशी आल्यावर काकूंनी हातातली कात्री खाली ठेवली. "मेल्या, डबो रिकामो दिलंस?" रागावल्या की त्यांच्या तोंडी मालवणी यायची. "कोणी शिकवलं हे?"

मी फळीवरून पुस्तक काढून दिलं. त्यांनी चष्मा लावून उभ्या उभ्या दोन पानं वाचली, मग मधलं एक, जिथे माझ्या खुणा होत्या.

"हा लिहिणारा कधी कोणाच्या घरी जेवलेला दिसत नाही," त्या म्हणाल्या.

रविवारी काकूंनी चांगली साडी नेसली. आपल्या घरच्या डब्यात रव्याचे लाडू भरले आणि त्या मुलीच्या घरी गेल्या. मला म्हणाल्या, तू येऊ नकोस, तुझा चेहरा बघून लोक पाणीच आणायला धावतील. मी दुकान झाडलं. मशीनची काच तीन वेळा पुसली. त्या दुपारी परत आल्या, पंखा लावून बसल्या.

"हो म्हणून झालंय त्यांचं. कणकवलीच्याच स्थळाला," काकू म्हणाल्या. "ज्या दिवशी तू डबा दिलास, त्याच रात्री कळवलं त्यांनी. तिची आई म्हणाली, पोराकडे काही नसलं तरी चाललं असतं. डब्यात साखर असती तरी आम्ही थांबलो असतो."

"आणि ती?"

"ती म्हणाली, दोन-दोन दिवसांनी उत्तर देणाऱ्याबद्दल मी घरी काय सांगायचं होतं?"

मी हं म्हटलं. मला वाटलं होतं रडू येईल, पण काही झालं नाही. मी स्टेपलरमध्ये पिना भरल्या. संध्याकाळी जेवलो, झोपलो, सकाळी शटर उघडलं. पुढे कितीतरी दिवस असंच होतं, पाय झोपल्यावर त्याला चिमटा काढावा आणि काही कळू नये तसं. तिच्या लग्नाची पत्रिका आमच्याकडेच छापायला आली. मी प्रूफ तपासलं. एक चूक सापडली, ती दुरुस्त केली.

त्याच आठवड्यात काकूंनी माझ्यासमोर एक फॉर्म ठेवला. सतरा नंबरचा, शाळा सुटलेल्यांनी बाहेरून दहावीला बसायचा. मी म्हटलं, काकू, मला नाही जमणार.

"एवढं जाडं पुस्तक बोट ठेवून वाचलंस ना, पेन्सिल घेऊन? मग आता दुसरं वाच."

गावच्या शाळेचा दाखला आणायला त्यांनीच मला पाठवलं. फॉर्म भरताना स्पेलिंग चुकू नये म्हणून इंग्रजीतली नावं आधी कोऱ्या कागदावर लिहून दिली. आता रोज दुपारी गिऱ्हाईक कमी असतं तेव्हा त्या माझं इंग्रजी घेतात. त्यांचंही फार चांगलं नाही. आम्ही दोघं मिळून अडतो.

पुस्तकवाला माणूस शेवटी एकदा आला. पस्तिशीचा असेल, थकलेला. वेगळ्याच कामाला आला होता. मी त्याला पुस्तकाची आठवण करून दिली.

"राहू दे दादा," तो म्हणाला. "आता नाही लागत."

त्याचं जमलं की संपलं, हे मी विचारलं नाही. त्याला काहीतरी सांगावंसं वाटलं होतं, पण मागे लाईन होती. मी स्पायरल काढून टाकली. पानांची मागची बाजू कोरी आहे, तिच्यावर बीजगणिताची उदाहरणं सोडवतो. अजून निम्मी पानं शिल्लक आहेत.

काकूंच्या गावच्या घरी गणपती गौरीबरोबर जातो. काकू मात्र चतुर्थीला पोचतात आणि तिसऱ्या दिवशी परत निघतात, कारण ऑनलाइन फॉर्म इंग्रजीत असतात आणि ते मला एकट्याला भरता येत नाहीत. दरवर्षी निघताना म्हणतात, यंदाही गौरी नाही बघायला मिळणार. मी पास होईन. एका वर्षी नाही झालो तर पुढच्या वर्षी बसेन. आणि त्यानंतरच्या गणपतीत किल्ली माझ्याकडे ठेवून काकूंना गौरी जाईपर्यंत गावी पाठवीन, आणि मशीनमध्ये कागद अडकला म्हणून त्यांना एकदाही फोन करणार नाही.