वीतभर पातं, हातभर पातं

उकंडराव आणि रंगराव यांचं वैर कशावरून, तर धरणाचं पाणी ओसरल्यावर उघड्या पडणाऱ्या गाळपेर जमिनीवरून. ती ना ह्याच्या बापाची, ना त्याच्या. सरकारची जमीन, आठ महिने पाण्याखाली आणि चार महिने उन्हात. पण त्या चिखलावरून दोघं गेल्या उन्हाळ्यात भिडले. रंगरावानं कुऱ्हाडीचा दांडा घातला तो उकंडरावाच्या गळ्याखालच्या हाडावर. हाड कट्कन मोडलं. मोडक्या हाडानिशी उकंडरावानं त्याचा पंजा धरला आणि दोन बोटं उलटी मुरगाळून तोडल्यासारखी केली. मग मेहकरचं पोलीस ठाणं, मग तारखा. दोघांच्या बायकांनी बांधावर उभ्या राहून एकमेकींना ज्या शिव्या दिल्या त्या इथं लिहिण्यासारख्या नाहीत.

आता हा उकंडराव कोण, ते सांगतो. सतरा वर्षं लष्करात काढलेला गडी, पूल बांधणाऱ्या पलटणीतला. लहानपणी, गावाला धरण व्हायच्या आधी, विहिरीपलीकडे पाणी म्हणून पाहिलेलं नाही, आणि पुण्याकडच्या एका धरणात साहेबानं त्याला नेऊन उभं केलं ते शिडाच्या फळीवर. विंडसर्फिंग म्हणतात त्याला. लांबलचक फळी, तिच्यावर उभं एक शीड, शिडाची दांडी दोन हातांनी धरायची आणि वाऱ्याच्या अंगावर रेलून राहायचं. शंभरदा पडला, शंभरदा नाकातोंडात पाणी गेलं. पण एकदा ती फळी पायाखाली सणसणत धावली आणि हा खुळावलाच की! पलटणीनं मोडीत काढलेली एक जुनी रुंद फळी पदरात पाडून घेतली, निवृत्तीच्या सामानाबरोबर टेम्पोवर टाकली आणि गावी आणली. गाव हसलं. "जनावराच्या पाण्याची बोंब अन् हा पाण्यावर नाचून राह्यला बे," असं रंगराव पारावर म्हणाला होता. तेव्हा ते बोलत होते एकमेकांशी.

फळीच्या मागच्या टोकाला खालून एक पातं बसतं, माशाच्या परासारखं. वखराला पास, म्हणजे खालची लोखंडी पट्टी, नसली तर तो नुसता रानावर घसरतो, तसंच हे पातं नसलं तर फळी वारा नेईल तिकडे आडवी घसरते. उकंडराव ती पाती घरीच घडवायचा. सागाची फळी, रंधा, कानस, वरून फायबरचा लेप. त्याच्या लोखंडी पेटीत अशी सहा-सात होती, पण खरी कामाची दोनच, एक हातभर लांब आणि एक वीतभर. हातभर पातं पाण्यात खोल रुततं, कितीही ओझं असो, फळीला आडवी सरकू देत नाही. पण वारं पिसाळलं आणि लाटा उसळल्या की तेच फळीला खालून उचलतं आणि माणसासकट भिरकावून देतं. म्हणून खवळलेल्या पाण्याला वीतभर. साहेबानं शिकवलेला हा पहिला धडा, आणि तो चुकीचा मुळीच नाही.

जयमालाला, म्हणजे त्याच्या बायकोला, हे सगळं पाठ होतं. पात्याचा स्क्रू आवळायचा तो तिनंच. तो फळी उपडी धरायचा, ती पदर खोचून पाना फिरवायची.

मार्चमधली गोष्ट. दुपारी तीनच्या सुमाराला पश्चिमेकडून आभाळ काळंनिळं होऊन आलं आणि बघता बघता वावधान सुटलं. पत्रे उडाले, गव्हाच्या पेंढ्या उडाल्या, आणि मग गारा. लिंबाएवढ्या! उकंडराव आणि जयमाला काठावरच्या खोपटात दाराला पाठ लावून उभे होते, तेवढ्यात बाहेरून कुणीतरी दारावर डोकं आपटावं तसा आवाज झाला.

दारात सरस्वतीबाई. रंगरावाची बायको. गारेनं कपाळ फुटलेलं, रक्त नाकावरून हनुवटीला आलेलं.

"भाऊ, यायले वाचवा! मोटर काढाले गेलते, दोर तुटला न् तराफा गेला मधात! तुमचे पाय धरून सांगून राह्यली, भाऊ!"

चार ड्रमांवर फळ्या ठोकून रंगरावानं पाण्यात तराफा केला होता, त्यावर त्याची मोटर. ती वाचवायला गेला शहाणा, आणि तराफ्यासकट निघाला. उकंडरावानं डोळ्यांवर हात धरून पाहिलं. पार मधोमध एक काळा ठिपका लाटांवर आपटत होता. वारं त्याला सरळ धरणाच्या भिंतीकडे रेटत होतं. भिंतीच्या दगडांवर लाटा अशा फुटत होत्या की तिथं गेलेल्या माणसाचं हाड हाडाला राहिलं नसतं. मासेमारांच्या नावा पलीकडच्या काठाला, आणि त्यातली एक डोळ्यांदेखत उलटी झाली.

'मर साल्या,' असंच त्याच्या मनात आलं. खोटं कशाला सांगू? मोडलेलं हाड त्या क्षणी ठणकलं आणि त्याला आनंद झाला. पण पायाशी बाई लोळत होती, जयमाला बघत होती, आणि अख्ख्या धरणावर शिडाची फळी एकट्याकडेच होती.

"जातो," तो म्हणाला, आणि पेटीपाशी बसला.

हात पेटीत गेला आणि वीतभर पातं घेऊन बाहेर आला. लगेच, जरासुद्धा न चाचपडता. कुणी विचारलं असतं तर उत्तर तयार होतं, खवळलेल्या पाण्याला लहान पातं. कोणताही जाणता माणूस तेच घेईल. ह्या पात्यावर तो रंगरावापर्यंत नक्की पोचला असता. एकटा परतही आला असता. पण दोन माणसांचं ओझं वीतभर पात्याला आडव्या वाऱ्यात पेलत नाही, फळी घसरत घसरत भिंतीवर जाते, आणि मग एकाला सोडून द्यावंच लागतं. हे त्याला माहीत होतं. गावात येऊन सांगता आलं असतं, गेलो होतो बाबा, जिवावर उदार होऊन गेलो होतो, पण नाही आणता आलं. कोर्टानंही त्याला हार घातला असता.

पण हे दुसऱ्याही एका माणसाला माहीत होतं. मागच्या दिवाळीत जयमाला हौसेनं त्याच्या मागं फळीवर बसली होती, तेव्हा हेच पातं होतं, आणि दोघं घसरत भिंतीजवळ गेले होते. तेव्हा हसत हसत त्यानंच तिला समजावलं होतं की दोघांना हातभरच लागतं.

जयमालानं पाना उचलला नाही.

"हे काऊन घेतलं?"

"वारं पाह्य ना वं! मोठं लावलं तं फळी उलथी व्हते. पिसाळल्या पाण्याले लहानच लागते."

"दोघं येसान का याच्यावर?"

"अवं, टाइम जाऊन राह्यला, आवळ लवकर!"

"म्या इचारलं, दोघं येसान का?"

त्यानं पातं खाचेकडे नेलं. तिनं त्याच्याकडे असं पाहिलं की बावीस वर्षांच्या संसारात तसं कधी पाहिलं नव्हतं. मग तिनं त्याच्या हातातलं पातं हिसकावलं. त्यानं घट्ट धरलं, तर तिनं त्याच पात्याचा काठ त्याच्या बोटांवर हाणला, रक्त काढलं, पातं घेतलं आणि गारांच्या माऱ्यात धावत जाऊन पाण्यात भिरकावून दिलं. सरस्वतीबाईला काहीच कळेना. ती नुसती दोघांकडे बघत रडत राहिली.

जयमाला परत आली. हातभर पातं पेटीतून काढलं, खाचेत बसवलं, स्क्रू आवळला. पाना दोनदा तिच्या हातून निसटला. ह्या पात्यावर नवरा उलटून मरू शकतो, हे तिला कुणी सांगायला नको होतं. मोटारसायकलचं हेल्मेट तिनं त्याच्या डोक्यावर बसवलं आणि पट्टा हनुवटीखाली ओढला.

"जा," ती म्हणाली.

पहिल्या झोतातच फळीनं त्याला फेकलं. तो उठला. दुसऱ्यांदा पातं बुडालेल्या बाभळीच्या खोडावर आदळलं, उकंडराव शिडावरून पलीकडे गेला आणि दांडी बरगडीत अशी बसली की त्याचा श्वासच अडला. हेल्मेटवर गारा तडतड वाजत होत्या. तो जयमालाला शिव्या देत होता, रंगरावाला शिव्या देत होता, त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करत होता, आणि पुन्हा शीड उभं करत होता. पातं तडकलं होतं, पण तुटलं नव्हतं.

तराफ्याचे दोन ड्रम निखळून गेले होते. मोटर कधीच तळाला गेली होती. रंगराव उरलेल्या फळीला पोटाशी धरून होता. हेल्मेट घातलेला उकंडराव लाटेतून अंगावर येताना दिसला आणि तो बोंबललाच.

"मारू नोको बे! उकंड्या, मारू नोको!"

मोटरीसाठी कमरेला खोचलेला लोखंडी पाना काढून रंगरावानं सपकन फिरवला. तो उकंडरावाच्या खांद्यावर बसला. पुन्हा उगारला, तेव्हा उकंडरावाचं डोकं फिरलं. त्यानं त्याच्या तोंडावर ठोसा मारला. एक दात गेला. मग दुसरा ठोसा मारला, त्याची तितकी गरज नव्हती. ते दोन ठोसे मारताना त्याला फार बरं वाटलं, हेही सांगून टाकतो. मग त्यानं रंगरावाचे केस धरून त्याला फळीवर ओढला.

"घोटा धर माहा. सोडला तं तुहा तू!"

आता भिंत जवळ आली होती. दगडांवर फुटणाऱ्या लाटेचं पाणी तोंडावर उडत होतं. उकंडरावानं शीड ओढून घेतलं, अंग मागं टाकलं. फळी आडवी घसरू लागली. एक हात, दोन हात. मग खालून पातं पाण्यात रुतलं, फळीला हिसका बसला आणि ती तिरकी, काठाकडे निघाली. वीतभर असतं तर त्याच क्षणी घोट्यावरचा हात लाथेनं सोडवायची वेळ होती. पायापाशी दात पडलेला माणूस "देवा, देवा" करत होता. त्याच्या वाकड्या जुळलेल्या दोन बोटांनीही घोटा घट्ट धरला होता.

चिखलाचा काठ लागला तेव्हा गारा थांबल्या होत्या आणि सारं गाव जमलं होतं. सरस्वतीबाई नवऱ्याच्या अंगावर पडून हंबरडा फोडत होती. रंगरावानं पाणी ओकलं, रक्त थुंकलं आणि वर पाहिलं.

"कायले आला बे तू?"

लोक टाळ्या वाजवत होते. कुणी म्हणत होतं मिल्ट्रीचा वाघ, कुणी म्हणत होतं सरपंचाला सांगून सत्कार करू. उकंडरावाचे दात वाजत होते.

"तुले आणाले नव्हतो निघालो म्या," तो म्हणाला. "लहान पातं घेतलं होतं."

कुणाला काही समजलं नाही. थंडीनं बरळतोय म्हणून कुणीतरी त्याच्या अंगावर घोंगडी टाकली. जयमाला मात्र पुढं आली, हेल्मेटचा पट्टा सोडला आणि म्हणाली, "चाला घरी."

घरी तिनं चूल पेटवली आणि फडक्यानं त्याची बरगडी शेकायला घेतली.

"म्या बुडलो असतो तं?" त्यानं विचारलं.

"रडली असती."

"अन् लहान लावून एकटा आलो असतो तं?"

तिनं फडकं पुन्हा तव्यावर ठेवलं, गरम होऊ दिलं आणि त्याच्या बरगडीवर दाबलं. तो कळवळला.

"जेवाले वाढलं असतं," ती म्हणाली. "बोलली नसती."