कुमुदताईंची कात्री

डॉ. कुमुदताईंची आणि माझी पहिली भेट जपानमधल्या सेंदाईत झाली. माझ्या यजमानांना तिथल्या विद्यापीठात संशोधनाची जागा मिळाली होती आणि मी नुकतीच लग्न होऊन आलेली, दिवसभर खिडकीतून बर्फ पाहत बसायची. एका सकाळी साठी ओलांडलेल्या एक बाई सायकलवरून दारात उतरल्या आणि हातमोजे काढत म्हणाल्या, "पुण्याच्या आपल्या वसतिगृहातली मुलगी आली आहे असं कळलं. कितव्या खोलीत होतीस?"

"चौदा नंबर."

"खिडकीची कडी लागायची का?"

"नाही. आम्ही सुतळीने बांधायचो."

"म्हणजे अजून तशीच आहे," ताई म्हणाल्या. "मी तीन वेळा अर्ज केला होता."

धातुशास्त्रातल्या एवढ्या नावाजलेल्या संशोधिकेला चाळीस वर्षांनंतर ती कडी आठवावी, याचे मला हसू आले. ताईंचा सारा स्वभाव त्या कडीत होता, हे कळायला मला पुढची आठ वर्षे लागली.

ताई निवृत्त होऊन टोकियोला आल्या, आमचीही बदली तिथेच झाली. वसतिगृहाच्या माजी विद्यार्थिनींचे आपले मंडळ आणि त्याचा धर्मादाय न्यास तेव्हा जेमतेम उभा होता. आपण इथे नव्याने आलेल्या कुटुंबांतल्या मुलांना दप्तरे द्यायचो, हिवाळ्यात कोट द्यायचो, फोटो काढायचो आणि चकल्या खाऊन घरी जायचो. किती बरे वाटायचे तेव्हा. आजही त्या दिवसांची आठवण आली की मंडळाच्या हॉलमधला चहाचा वास येतो.

त्याच वर्षी माझी इरा पहिलीत गेली. घरी अखंड बडबड करणारी ही मुलगी शाळेत नुसती हसत बसायची. वर्गाच्या बाई म्हणायच्या, छान रमली आहे. खरे म्हणजे तिला जपानी काही कळत नव्हते आणि हसले की कुणी प्रश्न विचारत नाही, हे तिने शोधून काढले होते. भाषा शिकवायला वेगळ्या शिक्षिका यायच्या, पण ठरावीक महिने झाले की त्यांचे तास संपायचे. इराचे संपले. मी ताईंसमोर रडले.

पुढच्या बैठकीत ताईंनी विषय काढला की, हे तास मूल शिकेपर्यंत चालू राहावेत असा अर्ज न्यासाने वॉर्डाच्या लोकनियुक्त सभेकडे करावा. आपल्यापैकी बऱ्याच जणींना ती बैठक आठवत असेल. "आपण चॅरिटीवाले, पॉलिटिक्समध्ये कशाला पडायचं?" "व्हिसाचा प्रॉब्लेम झाला तर?" ताई मात्र आधीच वॉर्ड कार्यालयात जाऊन सगळे विचारून आल्या होत्या. त्या शांतपणे म्हणाल्या, "असा अर्ज इथे राहणारा कुणीही करू शकतो, परदेशी माणूससुद्धा. न्यासाने प्रश्नाच्या बाजूने बोलावं, उमेदवाराच्या बाजूने बोलू नये, एवढंच पाळायचं. आणि आपलं मुख्य काम दप्तरांचंच राहील. पण वर्गात काय चाललंय ते दप्तरातून कळत नाही ना गं."

अर्ज गेला. आणि मग मी घोळ घातला.

सभेतल्या एका सदस्या बाईंनी आम्हाला अर्जाची रीत समजावून दिली होती. समितीपुढे सुनावणी होण्याआधी आपला दिवाळीचा कार्यक्रम होता. पत्रकाचे काम माझ्याकडे. मी पुण्याची, आभार मानायचे म्हणजे पत्रकावर फोटो हवाच! वरच्या कोपऱ्यात बाईंचा हसरा फोटो, खाली 'आमच्या मार्गदर्शक', त्याखाली न्यासाचे नाव. कोपऱ्यावरच्या कोंबिनीत, म्हणजे रात्रंदिवस उघड्या असणाऱ्या दुकानात, दोनशे प्रती काढल्या आणि मोठ्या कौतुकाने ताईंना दाखवायला गेले.

ताईंनी चष्मा लावला. "पुढच्या महिन्यात निवडणूक आहे, बाई पुन्हा उभ्या आहेत, ठाऊक आहे ना?"

"ताई, फक्त थँक्यू म्हटलंय."

"तू थँक्यू म्हटलंस. वाचणाऱ्याला ते 'मत द्या' असं दिसेल. समितीतले बाकीचे मग आपला अर्ज कशाला वाचतील?"

इराचा प्रश्न मीच बुडवला होता. ताई एका शब्दानेही रागावल्या नाहीत. आत जाऊन दोन कात्र्या घेऊन आल्या. "कार्यक्रमाची माहिती बरोबर आहे, कागद चांगला आहे. कोपरा तेवढा कापू." संपूर्ण दुपार आम्ही दोघी जेवणाच्या टेबलाशी चौकोन कापत बसलो. ते दोनशे हसरे चेहरे कचऱ्यात टाकायला ताई तयार नव्हत्या. पाकिटात भरून त्या मला घेऊन बाईंच्या कार्यालयात गेल्या, वाकून म्हणाल्या, "आमच्या न्यासाची चूक झाली." माझे नाव त्यांनी तिथे घेतले नाही, नंतर मंडळातही कधी घेतले नाही. ते आज मीच पहिल्यांदा सांगते आहे. त्या बाईंनीही सुटकेचा निःश्वास सोडून ताईंपेक्षा जास्त वाकून आभार मानले.

सुनावणीला ताई उत्तम जपानीत बोलल्या असत्या. त्यांनी मला उभे केले. "तुझी जपानी मोडकी आहे, तीच त्यांना ऐकू दे." मी इराच्या हसण्याबद्दल सांगितले. अर्ज तेव्हा पुढे ढकलला गेला. ताईंनी पुन्हा केला. तिसऱ्यांदा केला तेव्हा तो मंजूर झाला. तोवर इरा दर शनिवारी ताईंच्या घरी बसून भाषा शिकली होती. वाढीव तासांचा उपयोग तिच्यामागून आलेल्या मुलांना झाला. ताईंना त्याचेच समाधान वाटले.

पंचाहत्तरीच्या या गौरवग्रंथासाठी संपादकांनी ताईंचा फोटो मागितला, तेव्हा ताईंनी फोनवर सांगितले, "माझा चेहरा काय बघायचा? त्या जागी अर्जाचा नमुना छापा, नव्या मुलींना उपयोगी पडेल." म्हणून या लेखाच्या कोपऱ्यात तो नमुना आहे. त्यातले जपानी इराने लिहिले आहे. ती आता बारा वर्षांची आहे, मला जपानीत उत्तरे देते, ताईंशी मात्र मराठीतच बोलते. नमुन्यासाठी विषय निवडायला सांगितला, तर तिने आपल्या मनाने लिहिला: वर्गात हसत बसणाऱ्या मुलांना काय कळले नाही, ते रोज कुणीतरी विचारावे.

ताई, पंचाहत्तरीचा आमचा सगळ्यांचा नमस्कार घ्या. तुमचे गुडघे सायकलला आणि डोळे बारीक अक्षराला अशीच साथ देत राहोत. शंभरीच्या ग्रंथात मात्र तुमचा फोटो पहिल्या पानावर, पूर्ण पानभर छापायचा, असा अर्ज मी आजच करून ठेवते. नामंजूर केलात तर पुन्हा करीन. तिसऱ्यांदाही करीन.