व्यंकोजीचं तोंड आणि कृष्णाबाईंची फियाट

आमच्या गावच्या शाळेतले कल्लाप्पा मास्तर म्हणायचे, बैलगाडीला सहसा अपघात होत नाही, कारण गाडी हाकणाऱ्या तिघांपैकी दोघं शहाणे असतात. मोटारीत ती सोय नाही. तिथं सगळा भार एकट्या माणसाच्या अकलेवर. बेंगळुरूत आल्यावर मास्तरांचं म्हणणं मला रोज पटत गेलं. आणि ज्या दिवशी पटलं नसेल, त्या दिवशी शेजारच्या व्यंकोजीनं ते पटवून दिलं.

व्यंकोजीचं मल्लेश्वरमात कापडाचं दुकान. आजोबांपासूनचं. गिऱ्हाईक ब्लाऊजपीस मागायला यायचं आणि टायरात हवा किती असावी हे शिकून जायचं. कधीकधी ब्लाऊजपीस गल्ल्यावरच विसरून. त्याच्याकडे एक पांढरी फियाट. तिचा गिअर हँडलला चिकटलेला, आणि हँडब्रेक डॅशबोर्डखाली, छत्रीच्या मुठीसारखा ओढायचा. तिला सीटबेल्ट नव्हते, तर या गृहस्थानं ते स्वतः बसवून घेतले. अख्खी गल्ली हसली. तो म्हणाला, “हसा. दात शाबूत आहेत तोवर हसून घ्या.”

त्याची मतं सांगायला बसलो तर चहा तीनदा गरम करावा लागेल. थोडकी सांगतो. इंडिकेटर ही लग्नपत्रिका आहे, पंगत उठल्यावर देऊन काय उपयोग? हॉर्न म्हणजे शिंक, आली तर द्यावी, तपकीर ओढून काढू नये. घराएवढ्या गाडीत माणूस एकटा, तोही फोनवर, म्हणजे रिकामा वाडगा हत्तीवरून नेणं. जगातला सगळ्यात सुरक्षित रस्ता बेळ्ळंदूरचा, कारण तिथं गाड्या हलतच नाहीत. आणि या गावात सगळ्यांना ‘स्वल्प अ‍ॅडजस्ट माडी’, म्हणजे जरा सांभाळून घ्या, असं म्हणता येतं, ब्रेकला मात्र नाही.

सगळ्यात जास्त राग दोन गोष्टींचा. एक, चालत्या गाडीतून थुंकणारे. एकदा सिग्नलला शेजारच्या चकचकीत गाडीची काच खाली आली आणि लाल पिचकारी सुटली. मागून येणाऱ्या स्कूटरवाल्याचा शर्ट क्षणात रंगपंचमीला गेला. व्यंकोजी उतरला, आपल्या जेवणाच्या डब्याचं झाकण त्या साहेबांपुढं धरलं आणि म्हणाला, “उरलेलं यात द्या सर. माझं जेवण झालंय.” साहेबांनी गिळलं! मी डोळ्यांनी पाहिलंय. मी मागच्या सीटवर डब्याचा खालचा भाग धरून बसलो होतो.

दुसरा राग कोहळ्याचा. आमच्याकडे आयुधपूजेला, म्हणजे दसऱ्याच्या आदल्या दिवशी, गाडीची पूजा करतात, चाकाखाली लिंबं ठेवतात आणि कुंकू भरलेला कोहळा भर रस्त्यात फोडतात. दृष्ट लागू नये म्हणून. आणि मग दुसऱ्याची स्कूटर त्यावरून घसरते. “यांची दृष्ट उतरली, त्याचा गुडघा उतरला,” असं म्हणत व्यंकोजी दरवर्षी दुसऱ्या दिवशी सकाळी खराटा घेऊन चौक झाडायचा. तो खराटा गाडीच्या डिकीतच असायचा.

तर अशा माणसाच्या डोळ्यांना या वर्षी काचबिंदू निघाला. समोरचं दिसतं, बाजूचं दिसत नाही. डॉक्टर म्हणाले, गाडी बंद. मी समजूत घालायला म्हटलं, “अरे, बेंगळुरूत बाजूचं बघतो कोण?” पण तो हसला नाही. रिक्षानं घरी आला आणि गाडीची किल्ली देवघरात ठेवून दिली. जन्मभर दुसऱ्याला जे सांगितलं ते स्वतःवर आल्यावर त्यानं एक अक्षर काढलं नाही. त्यानंतर तो रोज संध्याकाळी उभ्या गाडीत बसायचा, आणि तेही बेल्ट लावून.

मुलगी विद्याश्री बेळ्ळंदूरला असते. ती म्हणाली, “अप्पा, विकू या. जुन्या गाड्या जमवणारे एक आहेत, दसऱ्यानंतर न्यायला तयार आहेत.”

बोलल्या त्या कृष्णाबाई, त्याची बायको. वय एकसष्ट. “विकायची कशाला? मी चालवीन की.”

आणि खरंच शिकल्या! ड्रायव्हिंग स्कूलच्या छोट्या गाडीवर हात बसवला, लायसन्स काढलं. परीक्षा घेणाऱ्या इन्स्पेक्टरला म्हणे त्यांनीच सांगितलं, सर, तुमचा बेल्ट.

विद्याश्रीनं मात्र अट घातली. तिला स्वतःला अप्पांनी शिकवलं होतं. शिकवताना इतकं बोलले, की पोरगी भर रस्त्यात गाडीचं दार उघडं टाकून रिक्षानं घरी आली होती. ती म्हणाली, “अम्मा चालवेल, पण शेजारी अप्पा बडबडणार असतील तर तो धोका आहे. दसऱ्याला तुम्ही देवनहळ्ळीला मावशीकडे जाता ना? घरातून निघाल्यापासून मावशीच्या दारात इंजिन बंद होईपर्यंत अप्पांनी एक शब्द बोलायचा नाही. बोलले, की गाडी गेली. गुंडोमामा, तुम्ही पंच.”

मी आनंदानं होकार दिला. असला तमाशा फुकटात कोण सोडतो?

दसऱ्याच्या सकाळी व्यंकोजी बाहेर आला तो गाल फुगवून. तोंडात एवढा मोठा विडा, की वरचे खालचे ओठ मुश्किलीनं भेटत होते. कृष्णाबाईंनी बघितलं. “हे बरं केलंत. बूच!”

निघालो. मी मागं. काय सांगू, तो प्रवास! तोंड बंद होतं, पण व्यंकोजीचा उजवा पाय दर दहा पावलांना पायपुसणं दाबत होता. ब्रेक तिथं नाही हे त्याच्या पायाला कोणी सांगितलंच नव्हतं. बसनं आडवं घातलं की त्याच्या भुवया टकलापर्यंत चढायच्या. मेखरी सर्कलला तर तो आरशात बघायला एवढा वाकला, की कृष्णाबाई म्हणाल्या, “अहो, आरशात तुमचाच गाल दिसतोय मला. सरका.”

“हुंम्,” व्यंकोजी म्हणाला.

“गुंडोअण्णा, हे बोलणं धरायचं का?”

“छे छे, हे रवंथ आहे.”

येलहंका मागं टाकून सर्व्हिस रोडला लागलो आणि व्यंकोजी ताठ झाला. पुढं वळणावर रस्ताभर कोहळे. लालपांढरा चिखल नुसता. समोरची स्कूटर त्यात शिरली, डोलली, कशीबशी सावरली. व्यंकोजीचं तोंड उघडायला आलं. पण आत विडा! बोलायचं तर आधी थुंकायला हवं, आणि चालत्या गाडीतून थुंकणं म्हणजे जन्माची शपथ मोडणं. त्याच्या चेहऱ्याचे रंग मी आरशात पाहत होतो. शेवटी त्यानं डोळे मिटले आणि अख्खा विडा गिळला. घशातून अजगराच्या बोकडासारखा तो गोळा खाली जाताना दिसला.

डोळे उघडेपर्यंत कृष्णाबाईंनी इंडिकेटर दिला होता, खिडकीतून हात काढून मागच्यांना थोपवलं होतं आणि गाडी वळणाच्या पुढं कडेला लावली होती. मला म्हणाल्या, “तुम्ही मागं उभं राहून गाड्यांना हात दाखवा.” नवऱ्याला म्हणाल्या, “तुम्ही बसा. तुम्हाला बाजूचं दिसत नाही.” मग डिकीतून खराटा काढला, पदर खोचला आणि रस्ता झाडला. एक रिक्षावाला ओरडला, “अक्का, पालिकेत लागलात का?” त्या म्हणाल्या, “नाही हो. नवऱ्याची जागा रिकामी झाली.”

व्यंकोजीनं काचेतून सगळं बघितलं. आता तोंड मोकळं होतं, तरी बोलला नाही. नाक मात्र ओढलं. विड्यातली सुपारी लागली असेल, असं मी पंच म्हणून धरतो.

देवनहळ्ळीत किल्ल्याच्या अलीकडे कृष्णाबाईंच्या धाकट्या बहिणीचं, भागीरथीबाईंचं घर. दारासमोर उतार. उताराच्या तळाशी भागीरथीबाईंच्या जावयाची नवी कोरी गाडी, केळीचे खुंट बांधलेली, झेंडूत बुडालेली. आम्ही वर थांबलो. कृष्णाबाईंनी इंजिन बंद केलं. सवयीनं दोन सीटांच्या मध्ये हात नेला, कारण शिकल्या त्या गाडीत हँडब्रेक तिथंच असतो. तिथं हाताला लागली त्यांचीच पिशवी. ती उचलली आणि रुबाबात उतरल्या. आम्हीही उतरलो. भागीरथीबाई ताट घेऊन ओवाळायला आल्या.

आणि फियाट निघाली. एकटीच. अगदी सावकाश, माहेरवाशिणीसारखी.

“कृष्णे! हँडब्रेक!”

व्यंकोजीचा तो आवाज दिवसभराचा साठलेला. किल्ल्यावरचे पारवे उडाले. कृष्णाबाई धावल्या, उघड्या दारातून आत झेपावल्या आणि छत्रीची मूठ ओढली. फियाट केळीच्या खुंटाला नाक लावून थांबली. एक पान वाकलं. जावयाच्या तोंडचं पाणी पळालं.

फोन तेवढ्यात विद्याश्रीचाच. मावशीनं जाहीर केलं, “अगं, ओरडले ना तुझे अप्पा!”

“गुंडोमामा, खरं सांगा. बोलले?”

सगळे माझ्याकडे बघायला लागले. व्यंकोजी तर असा, जणू वर्षाचा निकाल फळ्यावर लागतोय.

“बोलले,” मी म्हटलं. “पण इंजिन बंद झाल्यावर.”

“आणि गाडी कशी सुटली? अम्मा चुकली का?”

“अट तोंडाची होती, पोरी. चाकाची नव्हती.”

पलीकडे ती हसली. “सरी, ठीक आहे. त्या जमवणाऱ्यांना नको म्हणून कळवते. पण मामा, ते बोलले नसते तर?”

“तर मावशीच्या जावयानंच आपली गाडी विकली असती.”

परतताना कृष्णाबाईंनी बेल्ट लावला आणि पिशवीतून विडा काढून नवऱ्यापुढं धरला. “एवढं एक हँडब्रेकचं बोलायचं. बाकीचं मला चाळीस वर्षं ऐकून पाठ आहे.”

व्यंकोजीनं विडा हातात घेतला, तोंडात मात्र घातला नाही. इंजिन अजून बंद होतं.

“आरसा,” तो म्हणाला, “जरा उजवीकडे कर.”

त्यांनी तो केला.