नववी ‘ब’च्या कोर्टात माझी उलटतपासणी

आता हे सांगू की नको? सांगतोच, नाहीतर आर्णीतून कुणीतरी मीठमसाला लावून सांगेल.

तिथल्या एका शाळेत इतिहासाच्या बाईंनी वर्गात जुना खटला उभा केला होता. इंग्रजांच्या काळात कापसाच्या एका जिनिंग कारखान्याच्या मालकाचा खून झाला, त्याचा माल वाहणाऱ्या बैलबंडीवाल्याला फाशी झाली. मुलंच वकील, मुलंच साक्षीदार. न्यायाधीश कोण? मी! तीस वर्षं बातमीदारी केलेला माणूस. शिवाय त्या खटल्यावर मीच कधीकाळी पानभर लेख लिहिलेला. वर्गाकडे पुरावा म्हणून तेवढाच कागद होता.

बचावाची वकील होती कावेरी. दोन वेण्या, आवाज तहसीलदाराचा.

“सर, तुम्ही खुर्चीवरून उतरा. तुम्ही साक्षीदार आहात.”

न्यायाधीशाला उतरवते? मी डस्टर आपटलं. खडूची धूळ माझ्याच नाकात! शिंकत शिंकत उतरलो.

“‘फासावर जाताना त्याच्या चेहऱ्यावर पश्चात्ताप नव्हता.’ हे तुमीच लिहिलं न? चेहरा कोनं पाह्यला?”

“गावात सगळे सांगतात.”

“कोर्टाचे कागद पाह्यले?”

“अगं, मी तीस वर्षं पत्रकार आहे!”

“हा पुरावा नाही, सर.”

वर्ग फिदीफिदी हसला. माझं डोकं फिरलं. मंत्र्यांना घाम फोडणारा मी, आणि ही पोर मला विचारते?

“बाई, हिला कुणी पढवलं?” मी ओरडलो. “एका खुन्यासाठी एवढा कळवळा कायले?”

हसणं थांबलं. बाई खाली बघू लागल्या.

“ते माह्या आजोबांचे वडील होते,” कावेरी म्हणाली. “बाबा सांगते, तुमचा लेख आला तवापासून लोक आमच्या घराले खुन्याचं घर म्हणते. त्यायनं मारलं का नाही, मले मालूम नाही. तुमाले मालूम हाये का?”

मला मालूम नव्हतं. कधीच नव्हतं. जन्मभर पोलिसांवर, पुढाऱ्यांवर ‘पुरावा दाखवा’ म्हणून ओरडलो. तो चेहरा मात्र मी टेबलाशी बसून, चहा पिता पिता रंगवला होता.

सगळ्या वर्गासमोर माफी मागितली. खुलासा छापतो म्हणालो, आवेशाने वही काढली आणि तिचं म्हणणं लिहून घेतलं. टाळ्या पडल्या. मलाही जरा बरं वाटलं.

“वाचून दाखवा, सर.”

मी चष्मा चढवला. पहिली ओळ होती: ‘कावेरी, नववी, खुन्याची पणती.’