कानाचा देखभाल तक्ता

माझा थोरला मुलगा पाणी उपसा केंद्रात फिटर आहे. तिथे पाच पंप आहेत आणि त्या पाचांची तब्येत त्याला माझ्या तब्येतीपेक्षा जास्त ठाऊक आहे. लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक तो पंपाला टेकवतो, मूठ कानापाशी धरतो, डोळे मिटतो आणि सांगतो, "हे बेअरिंग महिनाभर काढेल." ते महिनाभरच काढतं. केंद्रात त्याला कानसेन म्हणतात. आपल्याला हे नाव आवडत नाही असं तो म्हणतो, पण एखाद्या दिवशी कोणी त्या नावाने हाक मारली नाही की घरी येऊन तेही सांगतो.

गेल्या वर्षी त्याच्या डाव्या कानात शिट्टी सुरू झाली. बारीक, एकसुरी, दिवसरात्र. कानाच्या डॉक्टरीणबाईंनी तपासलं आणि म्हणाल्या, "यावर खात्रीची गोळी नाही. यंत्राजवळ कान झाकत जा, ऐकण्याची चाचणी करून घ्या. बऱ्याच जणांना हळूहळू सवय होते."

"म्हणजे दोष सापडला नाही, असं सरळ सांगायचं ना," घरी आल्यावर तो म्हणाला. चाचणी केलीच नाही. त्याऐवजी पूरक गोळ्यांच्या बाटल्या आणल्या.

फिटर लोकांचा एक नियम असतो. एका वेळी एकच भाग बदलायचा, म्हणजे दोष कुठे होता ते कळतं. त्याने फ्रिजच्या दारावर तक्ता चिकटवला. तारीख, गोळी, आवाज पाचपैकी किती, शेरा. जस्त, सहा आठवडे, आवाज चार. मॅग्नेशियम, सहा आठवडे, आवाज चार. बी-बारा, आवाज चार, शेरा: भूक वाढली.

"भूक आधीपासूनच होती," सून म्हणाली. "तेव्हा कोणी लिहून ठेवत नव्हतं, एवढंच."

चौथी बाटली कुठल्याशा झाडाच्या पानांच्या अर्काची होती. मी घरात येणारं प्रत्येक माहितीपत्रक भिंग लावून वाचते. त्यात लिहिलं होतं, रक्त पातळ करणारी औषधं चालू असतील तर घेऊ नये. पायात रक्ताची गाठ झाल्यापासून त्याला तीच गोळी चालू आहे.

"अरे, डॉक्टरांना विचार तरी."

"आई, तू आगपेटीवरची सूचनासुद्धा वाचून घाबरतेस."

मी आणखी तीनदा सांगितलं. मग तो कामावर गेल्यावर बाटलीतल्या साठच्या साठ कॅप्सूल उघडल्या, अर्क मोरीत ओतला आणि त्यांत मैदा भरला. मी विज्ञानाची पदवीधर आहे. प्रयोगशाळेतलं शिक्षण आयुष्यात कामाला आलं ते एवढंच.

तिसऱ्या आठवड्यात तक्त्यावर आलं: आवाज दोन. शेरा: फरक स्पष्ट.

तो शीळ घालत अंघोळीला जाऊ लागला. मला जेवण जाईना.

त्यातच केंद्राचा वार्षिक फॉर्म आला. "कानाची तक्रार: आहे / नाही." आहे लिहिलं तर चाचणी, आणि चाचणीत काही निघालं तर कदाचित स्टोअरमध्ये नट-बोल्ट देत बसणं. नाही लिहिलं तर वर्षभर पाचही पंप त्याच्या कानाच्या भरवशावर, आणि पंपांच्या शेजारी उभी असलेली माणसंही. त्याने पेनाचं टोपण काढलं.

"नाही लिहायला हरकत नाही," तो म्हणाला. "औषध लागू पडलंय."

"ते औषध नाही," मी म्हणाले. "मैदा आहे."

सुनेने हातातली ताटली खाली ठेवली.

मी सगळं सांगितलं. तो ओरडेल असं वाटलं होतं. तो फक्त म्हणाला, "कुठल्या तारखेपासून?"

"पहिल्या कॅप्सूलपासून."

तो उठला, तक्त्यावरचं अर्काचं नाव एका रेघेने खोडलं आणि वर 'मैदा' लिहिलं. मग वरपासून सगळे आकडे पुन्हा वाचले.

"म्हणजे आकडा कान देत नव्हता," तो म्हणाला. "मी देत होतो."

"मैदा पचायला जडच," सून म्हणाली. कोणी हसलं नाही. मग तो हसला, आणि फॉर्मवर 'आहे'ला गोल केला.

चाचणीत डाव्या कानाला वरचे सूर कमी ऐकू येतात असं निघालं. फोरमननी त्याला स्टोअरमध्ये पाठवलं नाही. आता स्क्रू ड्रायव्हर दुसरा फिटर धरतो, त्याच्याहून वयाने मोठा आणि भलत्याच मिशांचा. माझा मुलगा कानांवर आवाज अडवणारे जाड मफ लावून समोर उभा राहतो.

"मग तू काय करतोस?" मी विचारलं.

"त्याच्या मिशा बघतो. बेअरिंग खराब असलं की उजवी हलते."

"आणि शिट्टी?"

"आहे."

फ्रिजवर तक्ता अजून आहे. शेवटची ओळ: गोळी, काही नाही. आवाज, तीन. शेरा: मैद्याच्या बरणीला आईने हात लावल्यास कळवावे.