नवसाला बोललेली हॉकी स्टिक: पेण ते निडी

घरी स्वस्थ बसवत नाही, हा माझा जुना आजार. पायाला भिंगरी लागलीय असं नवरा म्हणतो आणि ते खरंच आहे. त्यामुळे जानेवारीतल्या एका शनिवारी ताईचा निडीहून फोन आला, की ऋतूच्या कॉलेजची हॉकी टीम फायनलला पोचली आणि उद्या पेणला मॅच आहे, तेव्हा मी फोन ठेवायच्या आधी कपाटातून सॅक काढली होती. ऋतू म्हणजे ऋतुजा, माझी भाची. रोह्याच्या कॉलेजात शेवटच्या वर्षाला आहे आणि पुढच्या फळीत खेळते. मॅच बघायची आणि संध्याकाळी परत यायचं, एवढाच बेत होता.

ठाण्याहून पहाटेची एसटी पकडली. पनवेल सोडलं की कर्नाळ्याचा सुळका दिसेपर्यंत रस्ता बरा आहे, पुढे कुठे गुळगुळीत आणि कुठे हाडं मोजून घेणारा. कंबर दुखत असेल त्यांनी सरळ रोह्याची आगगाडी धरावी. रेल्वेने पेण गाठता येतं आणि तिकीट अगदीच किरकोळ आहे, पण गाड्या मोजक्याच. वेळापत्रक बघून निघा, नाहीतर फलाटावर बसून माझ्यासारख्यांचा जीव जातो.

पेण स्टँडसमोर मिसळ खाल्ली. हाताशी तासभर होता, म्हणून गणपतीच्या कारखान्यांच्या गल्लीत चक्कर मारली. भाद्रपद लांब असला तरी पेणला गणपतींना सुट्टी नसते. न रंगवलेल्या पांढऱ्या मूर्ती ओळीने वाळत होत्या. एका कारागिराला विचारलं, डोळे कधी काढता? सगळ्यात शेवटी, म्हणाला, आणि पुन्हा कामाला लागला. तिथून पोह्यांचे पापड घेतले. दोन दिवस सॅकमध्ये दबून त्यांचा चुरा झाला, ते वेगळं.

मैदान लाल मातीचं. एका बाजूला पेणकर, दुसऱ्या बाजूला दोन टेम्पो भरून आलेले रोहेकर, सोबत ढोल आणि सनईवाला खालूबाजा. पेणची पोरं ओरडत होती, वाल सोलायला जा घरी. आमच्याकडून उत्तर जात होतं, ऊन पडलंय, पापड वाळवा. आमच्या बाजूचा म्होरक्या नितीन, रोहा स्टँडवर मिनीडोर, म्हणजे सहा आसनी रिक्षा चालवतो. आदल्याच दिवशी त्याचा घसा बसला होता, तरी तो थांबेना.

ताई आणि भाऊजी एका कडेला बसले होते. भाऊजींची भाताची आणि वालाची शेती. लेकीचा खेळ मैदानावर बघायची ही त्यांची पहिलीच वेळ. शिट्टी वाजली की ते विचारायचे, आता काय झालं, आपलं चुकलं काय? पूर्वार्धात पेणने एक गोल मारला आणि आमची बाजू गार पडली. मध्यंतरात भाऊजी उठून मैदानामागच्या झाडीकडे गेले. मला वाटलं, बिडी ओढायला गेले असतील. परत आले ते हात जोडूनच बसले.

उत्तरार्ध मी उभ्याने बघितला. खरं तर येरझाऱ्या घालत बघितला, मागच्या लोकांनी दोनदा खाली बसा म्हणून सांगितलं. बरोबरी झाली आणि शेवटी शेवटी ऋतूने चेंडू उजवीकडून आत आणला. गोलकीपर पुढे आली, हिने वाकून स्टिकच्या टोकाने तो तिच्या बाजूने सारला आणि चेंडू गोलच्या फळीवर आपटल्याचा आवाज आला. पुढचं मला नीट आठवत नाही. नितीन कुणाच्या तरी खांद्यावर होता, ताई रडत होती आणि माझ्या केसांत गुलाल होता.

बक्षीस समारंभानंतर विद्यापीठाच्या निवड समितीतले एक सर ऋतूशी बोलले. मंगळवारपासून मुंबईत शिबिर आहे, तिथूनच विद्यापीठाचा संघ निवडणार, आपली स्टिक घेऊन ये. ती धावत आमच्याकडे आली तेव्हा तिला धड बोलता येत नव्हतं. मी तिथेच ठरवलं की आज परत जायचं नाही. नवऱ्याला फोन केला, तर तो म्हणाला, मला सकाळीच ठाऊक होतं.

मिरवणूक निघाली. पुढे टेम्पोत टीम आणि कप, मागे नितीनच्या मिनीडोरमध्ये आम्ही. भाऊजींच्या मांडीवर ऋतूची स्टिक होती, टॉवेलात गुंडाळलेली. मी बघायला हात पुढे केला तर त्यांनी ती मागे घेतली. भाऊजी असे कधी वागत नाहीत. वडखळ नाक्यावर सगळे चहाला उतरले तेव्हा ताईनेच त्यांना विचारलं, काय झालंय तुम्हाला?

"देवीला बोललो मी," भाऊजी म्हणाले. "पोरी जिंकल्या तर ऋतूची काठी तुझ्या पायाशी ठेवीन."

त्यांच्या गावात देवीला हे असंच बोलायचं असतं, आपल्या घरातलं जे सगळ्यात मोलाचं असेल ते. घाईत त्यांना तेच सुचलं. पुढे त्या काठीचं काम आहे, हे त्यांच्या डोक्यात कुठून येणार? हॉकी म्हणजे आजची मॅच आणि ती संपली, असं ते धरून चालले होते.

मी मनातल्या मनात हिशोब मांडायला लागले. कॉलेजच्या स्टिक सोमवारी कपाटात परत जातात, शिवाय उंच ऋतूला त्या आखूड पडतात. मैत्रिणींच्या स्टिकचीही तीच गत. नवी स्टिक मी घेऊन देईन म्हटलं, तर ऋतू म्हणाली, "मावशी, नवी स्टिक हातात बसायला महिने जातात गो. परवा मला हिच्यासंगं खेळायचंय." ही तिने वरच्या वर्गातल्या मुलीकडून जुनी घेतलेली, चार वर्षं रोज हातात असलेली. मूठ कुठे जाड, कुठे पातळ, हे तिच्या तळव्याला पाठ होतं.

आमचं बोलणं नितीनच्या कानावर गेलं आणि पाच मिनिटांत दोन्ही टेम्पोंना कळलं. कुणाला त्यात काही वावगं वाटलं नाही. उलट नवस फळला म्हणून खालूबाजा आणखी जोरात सुरू झाला. आधी निडीला देवीकडे, मग रोह्याला मिरवणूक, असं ठरूनच गेलं. आता गुपचूप काही करायची सोय राहिली नाही. नागोठणं गेलं, भिसे खिंड गेली, एरवी या वळणांवर मी खिडकीतून डोकं आत घेत नाही. त्या दिवशी मी ऋतूकडे बघत होते आणि ती टॉवेलाकडे.

निडीचं देऊळ लहान आहे, कौलारू. पुढच्या अंगणात पन्नास माणसं मावतात, तिथे दोनशे उभी होती. गुरवकाकांनी सगळं ऐकून घेतलं. नितीनने सुचवलं, कौल लावू. म्हणजे देवीच्या अंगावर ओल्या पाकळ्या चिकटवायच्या, उजवी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. काठी पोरीकडे राहू दे काय, विचारू देवीलाच. मला ते पटलं. निदान काहीतरी एक कळेल, हे लटकणं संपेल.

ताईने नाही म्हणून मान हलवली. दिवसभरात ती पहिल्यांदाच मोठ्याने बोलली. "डावा आला तर मग कुणाला विचारनार? बोललंय ते द्यायचं." तिने भाऊजींच्या हातातून स्टिक घेतली, टॉवेल सोडला आणि ऋतूच्या हातात दिली. ऋतूने ती देवीपुढे ठेवली. वाकून उठली, तर तिचे हात अंगाशी कुठे ठेवावे हे तिला कळेना. मला ताईचा भयंकर राग आला, हे इथे लिहूनच टाकते.

मग ताई गुरवकाकांकडे वळली. "देवीला पातळ वाहतात, त्याचं तुम्ही काय करता?"

"माहेरवाशिणीला देतो. परसाद म्हणून."

"ही पन गावची लेकच हाय."

अंगणात कुजबुज झाली. भाऊजी बायकोकडे बघतच राहिले. गुरवकाकांनी कप बघितला, स्टिक बघितली, आणि म्हणाले की पातळ रातभर देवीजवळ राहतं, तसं हेही राहू दे. सकाळी बघू.

त्या 'बघू'ने माझी संध्याकाळ खाल्ली. हो म्हणा, नाही म्हणा, पण बघू म्हणजे काय?

रोह्याची मिरवणूक मात्र बघण्यासारखी झाली. बाजारपेठेतून टेम्पो इतका सावकाश चालला होता की चालणारी माणसं पुढे जात होती. पालखीला करतात तसं घराघरापुढे थांबून बायका पोरींना ओवाळत होत्या. एक आजी कपाच्या दांड्यालाच कुंकू लावून गेल्या. बाकीच्या पोरी स्टिक उंचावून नाचत होत्या, ऋतू नुसत्या मुठी वर करत होती. मी मधेच उतरून खेळाच्या सामानाचं दुकान शोधलं. बॅट होत्या, कॅरमच्या सोंगट्या होत्या, हॉकी स्टिक मागवावी लागेल म्हणाले. कुंडलिकेच्या काठावर नारळ फुटले, भाषणं झाली. प्राचार्य काय बोलले ते विचारू नका, मी नदीकाठी या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत होते.

दिवस मावळताना निडीला परत आलो, तर नितीन आणि मंडळींनी शेतात पोपटीची तयारी केली होती. या दिवसांत तिकडे गेलात तर पोपटी चुकवू नका. मडक्यात खाली भांबुर्ड्याचा पाला, वर वालाच्या शेंगा, मीठ, ओवा, अंडी, बटाटे. तोंडाशी पुन्हा पाला कोंबायचा, मडकं उपडं करायचं आणि भोवती काटक्या पेटवायच्या. पाण्याचा थेंब नाही. शेंगा चटके सोसत सोलायच्या. वास असा की पोट भरलेलं असलं तरी हात पुढे जातो. मी पोटभर खाल्लं, पण बसून खाल्लं नाही.

भाऊजी जाळापासून लांब बांधावर बसले होते. मी जवळ गेले. भांडायचं ठरवून गेले होते, खोटं कशाला सांगू. तर तेच म्हणाले, "वंदना, गोल झाला तेवा मला वाटलं, पोर हरली तर घरी येऊन जेवनार नाय. तेवढ्यासाठी बोललो." मग मला भांडता आलं नाही. मीही बांधावर टेकले. पाचेक मिनिटं असेन.

सकाळी उजाडताच देवळात गेलो. गुरवकाका आधीच आंघोळ करून तयार होते आणि सोबत त्यांची बायको होती. स्टिकला हळदकुंकू लावलं होतं, मुठीला हिरवा खण बांधला होता. काकूंनी ऋतूला पाटावर बसवलं, पदर नाही म्हणून ताईची ओढणी तिच्या मांडीवर पसरली आणि तांदूळ, नारळ आणि त्यावर आडवी स्टिक, अशी तिची ओटी भरली. ऋतू स्टिक पोटाशी धरून बसली. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ताईवर आदल्या दिवशी धरलेला राग कुठे ठेवावा हे मला कळेना.

भाऊजींचा जीव अजून भांड्यात पडला नव्हता. अंगणात येऊन म्हणाले, "परसाद हाय तो. जमिनीला लावू नको."

ऋतूने आईकडे बघितलं, मग माझ्याकडे. "बाबा, हॉकी जमिनीवरच खेळतात."

भाऊजी विचारात पडले. मग चपला काढून पुन्हा देवळात गेले आणि बऱ्याच वेळाने बाहेर आले. काय बोललात, असं कुणी विचारलं नाही.

निडी स्टेशन लहान आहे, दोन बाकं आणि भरपूर वारा. गाडी उशिरा आली आणि तोवर मी फलाट किती वेळा मोजला असेल, देव जाणे. ऋतूला मुंबईत तिच्या मैत्रिणीकडे सोडलं आणि मी घरी आले. पापडांचा चुरा नवऱ्याने आमटीवर घालून संपवला.

या गोष्टीला आता आठवडा होऊन गेला. लोक विचारतात, पेण-रोह्याला बघण्यासारखं काय आहे? किल्ला सांगता येतो, नदी सांगता येते, कोलाडच्या खानावळीतलं जेवण सांगता येतं. माझ्या डोक्यातून मात्र ते अंगण जात नाही. देवावर माझा फारसा विश्वास नाही आणि शिबिरात काय होणार हे देवीला ठाऊक असेल असंही मला वाटत नाही. तरी रोज सकाळी मी आधी फोन बघते. संघाची यादी अजून लागलेली नाही.

काल ताईचा फोन आला. म्हणाली, हे अनवाणी फिरतायत. शेतात, बाजारात, ढेकळांवरून, रोह्याच्या डांबरावरून. त्या दिवशी देवळात चपला काढल्या त्या बाहेर पडताना हातातच घेतल्या, पोरीचं नाव यादीत येईपर्यंत पायात घालायच्या नाहीत. तू तरी समजाव त्यांना.

मी भाऊजींना फोनवर बोलावलं आणि चांगलं झापलं. वय काय, काटे काय, विंचू काय. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"पायाला काय होत नाय गो," ते म्हणाले. "पोरीचं देवीला बोललो त्या राती डोळ्याला डोळा नाय लागला. आता माझंच बोललोय. झोप लागते."

मला अजून लागत नाही.