डावीकडची शेवटची पट्टी

इंग्लंडमधल्या श्रूजबरीतल्या एका म्हाताऱ्याकडून मी मुलीसाठी जुना सिंथेसायझर घेतला. तरुणपणी तो तिघांच्या डान्स बँडमध्ये हाच वाजवायचा. रेकॉर्ड निघायच्या आधीच गायक एड्सने गेला, मग ड्रमवाला दारूने. हे सांगताना तो आखडलेल्या बोटांनी पट्ट्या पुसत होता आणि मी घड्याळ बघत होतो. निघताना त्याने डावीकडची शेवटची पट्टी दाबली. आतून एक तरुण आवाज हसत म्हणाला, "वन, टू, थ्री, फोर!" मला वाटलं, कंपनीचा डेमो असेल.

घरी आल्याआल्या मी फॅक्टरी रीसेट मारला. आम्हा आयटीवाल्यांची सवयच ती, जुनं काही आलं की आधी कोरं करायचं.

रविवारी म्हाताऱ्याचा फोन आला. "माझ्याकडे आमच्या गायकाचा तेवढाच आवाज उरला होता, गाणं सुरू करताना मोजलेला. पण आता माझी बोटं चालत नाहीत. तुझी मुलगी वाजवते ना त्याच्याबरोबर?"

मुलगी समोरच बसली होती, माझ्याकडे बघत.

"हो," मी म्हणालो, "रोज वाजवते."

"बरं झालं," तो म्हणाला. "इथे तो नुसताच मोजत बसला असता."